चकाकी नको, लाकूड पाहा: जुन्या इटालियन पाइपांचा संग्रह

जुलै १९८२. फुटबॉलचा विश्वचषक जिंकून इटलीचा संघ माद्रिदहून विमानाने मायदेशी निघाला होता. टेबलावर चषक, आणि त्याच्याभोवती पत्त्यांचा डाव रंगलेला. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी आणि गोलरक्षक दिनो झोफ, दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक एन्झो बेआरझोत आणि फ्रांको काउझिओ. या चौघांतले पेर्तिनी आणि बेआरझोत हे दोघेही पाइपचे निस्सीम शौकीन. त्या इटलीत हाताने घडलेले पाइप आज जगभरचे संग्राहक शोधत असतात, तेही कुणीतरी वर्षानुवर्षे ओढलेले.

वापरलेली वस्तू कुणी हौसेने का घ्यावी? उत्तर लाकडात आहे. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरेआ या झुडपाच्या बुंध्याशी, मातीखाली एक गाठ धरते. तीच ब्रायर. कामाजोगी मोठी व्हायला तिला काही दशके लागतात. लिगुरिया, तोस्काना, कालाब्रियातून ती खणून आणतात आणि कापेपर्यंत ओलीच ठेवतात, नाहीतर तडकते. मग ठोकळे तासन्‌तास पाण्यात उकळून आतला तुरट रस काढतात आणि ते कित्येक महिने सुकवतात. एवढे करूनही कोरताना आत खडा किंवा पोकळी निघाली की ठोकळा वाया. जो पाइप वर्षानुवर्षे विस्तवाला पुरून उरला, त्याच्या लाकडाची परीक्षा झालेली असते. नव्याला ती अजून द्यायची असते.

घराण्यांत साविनेल्ली सर्वांत परिचित. १८७६ साली मिलानमध्ये त्यांचे दुकान निघाले, स्वतःचा कारखाना मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. माझ्या मते खरा रस आहे तो कांतू आणि कुच्चागो या शेजारच्या गावांत. कांतू फर्निचरसाठी प्रसिद्ध. तिथे १९४७ मध्ये कार्लो स्कोत्ती यांनी कास्तेल्लो सुरू केले. इतर बहुतेक जण एबोनाइटची मुखनळी बसवत असताना त्यांनी अॅक्रिलिक स्वीकारले. त्यांच्याकडे घडलेले जुझेप्पे अस्कोर्ती आणि लुइजी रादिचे पुढे बाहेर पडले आणि १९६८ मध्ये कुच्चागोत कामिनेत्तो हे नाव उभे राहिले. खूण मिशांची! १९८०च्या सुमारास दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकाचे स्वतंत्र घराणे झाले. त्याआधीच्या कामिनेत्तोत या दोघांचा हात एकत्र सापडतो, म्हणून त्याला एवढी मागणी. दूर पेझारोत जानकार्लो गुईदी यांनी आधी मास्त्रो दे पाया आणि १९८२ मध्ये सेर याकोपो उभारले. त्यांचे आकार अधिक धीट.

आता खरेदी. पाइप हातात आला की आधी आत पाहा, बाहेर नंतर. भांड्याच्या आत काजळीचा पातळ थर हवाच, तो लाकूड राखतो. पण थर जाड झाला की तापून फुगतो आणि लाकडाला चीर पाडतो. जास्तीची काजळी रीमरने हलक्या हाताने काढावी, चाकूने नव्हे. चाकू लागलेले तोंड गोल राहत नाही, हे वरून पाहताच कळते. मग बॅटरीच्या उजेडात तळ तपासा. एखादी जागा मऊ लागली तर लाकूड आतून जळले आहे, तो पाइप सोडून द्या. दांडीवर धातूचे कडे असेल तर ते शोभेचे आहे की चीर झाकायला बसवले आहे, हे नीट विचारून घ्या. एबोनाइट पिवळट-हिरवे पडले तर घाबरू नका, ते घासून पुन्हा काळे होते. दातांचे खोल व्रण मात्र अवघड. आधीच्या तंबाखूचा वास घालवायला भांड्यात कापूस भरून त्यावर शुद्ध अल्कोहोल टाकतात आणि रात्रभर ठेवतात.

तंबाखू घातकच आहे, आणि संग्रहाचा आनंद घ्यायला ती पेटवावी लागत नाही.

शेवटची विनंती. पाइप घरी आणल्याबरोबर पॉलिशच्या चाकावर धरू नका. दांडीवरची छाप पुसली गेली तर पाइप कोणाचा, कोणत्या काळातला, हे सांगणारा पुरावा जातो आणि किंमतही उतरते. मऊ कापड आणि थोडे मेण पुरेसे आहे.