गाडीचा सुटा भाग ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमका कोणता?

कारच्या हमीची मुदत संपली, की अधिकृत सर्व्हिस सेंटरशी असलेले मालकाचे नाते सैल होऊ लागते. चौथ्या-पाचव्या वर्षी एखादे भलेमोठे बिल हाती पडते आणि गाडी घराजवळच्या गॅरेजचा रस्ता धरते. तेथे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘साहेब, ओरिजिनल टाकू की लोकल?’ बहुतेक वाहनधारक ‘ओरिजिनलच टाका’ असे सांगून निर्धास्त होतात. वस्तुतः या उत्तराने फारसे काही ठरत नाही. सुट्या भागांच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द किमान दोन-तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि निव्वळ बनावट मालही याच नावाने खपवला जातो. दाराच्या हँडलच्या बाबतीत ही गफलत काही शे रुपयांची ठरते. ब्रेक पॅडच्या बाबतीत ती बोरघाट उतरताना कळते.

हा गोंधळ समजून घेण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मोटार कंपनी गाडीतले बहुतांश भाग स्वतः बनवत नाही. ती आराखडा ठरवते, जुळणी करते आणि इंजिन वा सांगाड्यासारखे मोजके भाग आपल्या कारखान्यात तयार करते. दिवे, ब्रेक, शॉक अब्सॉर्बर, फिल्टर, वायपर, पट्टे, बेअरिंग हे सारे पुरवठादार कंपन्यांकडून येते. चाकण, पिंपरी-चिंचवड, वाळूज आणि नाशिकच्या औद्योगिक वसाहती अशा पुरवठादारांनीच भरलेल्या आहेत. नाशिकमध्ये बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर तयार होतात, तर चाकणमध्ये गॅब्रिएलचे शॉक अब्सॉर्बर. हे भाग मोटार कंपनीच्या जुळणी विभागात जातात, मोटार कंपनीचे नाव छापलेल्या खोक्यातून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जातात आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातून खुल्या बाजारातही जातात.

म्हणजे ग्राहकापुढे खरे तर चार पर्याय असतात. पहिला, मोटार कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, मूळ पुरवठादाराच्या खोक्यातला, जो बहुधा स्वस्त असतो आणि दर्जात क्वचितच उणा. तिसरा, त्या गाडीला कधीच माल न पुरवलेल्या, परंतु स्वतःच्या नावाने उघडपणे माल विकणाऱ्या कंपनीचा. यात उत्तमही आहेत आणि सुमारही. चौथा म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरून छापलेला बनावट माल. गॅरेजवाला ‘लोकल’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तिसरा असतो की चौथा, हे विचारल्याखेरीज कळत नाही. म्हणून ‘ओरिजिनल की लोकल’ या प्रश्नाला ‘कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या क्रमांकाचा?’ असा प्रतिप्रश्न करणे हेच योग्य उत्तर होय.

क्रमांक आधी, दुकान नंतर

प्रत्येक सुट्या भागाला मोटार कंपनीने दिलेला स्वतंत्र क्रमांक असतो. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक, कधी तर वर्षाच्या मध्येच, भाग बदललेले असतात. त्यामुळे ‘२०१६ ची स्विफ्ट’ एवढ्या माहितीवर मागवलेला भाग बसेलच असे नाही. गाडीची खरी ओळख म्हणजे तिचा सतरा अक्षर-अंकी चॅसिस क्रमांक. तो नोंदणी प्रमाणपत्रावर असतो आणि गाडीवरही कोरलेला असतो. अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या काउंटरवर हा क्रमांक दिला, की नेमका भाग क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत कळू शकते. मालकाने ही माहिती आधी मिळवावी. गॅरेजने सांगितलेला दर वाजवी आहे की नाही हे ताडण्याचे ते एकमेव विश्वसनीय साधन आहे. कित्येकांना ठाऊक नसते, पण अनेक अधिकृत काउंटरवर भाग सुटा विकत घेऊन तो अन्यत्र बसवून घेता येतो. कधी कधी जुना क्रमांक रद्द होऊन त्याची जागा नव्याने घेतलेली असते. दुकानदाराने वेगळ्या क्रमांकाचा भाग पुढे केला तर तो याच प्रकारातला आहे काय, हे काउंटरवर फोन करून पडताळता येते.

क्रमांक हाती असला म्हणजे बाजार फिरणे सोपे जाते. मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर, पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची जुनी आणि जाणती ठिकाणे. तेथील अनुभवी दुकानदार जुना भाग हातात घेऊनच गाडी कोणती ते सांगतात. तेव्हा शक्य असेल तर जुना भाग सोबत न्यावाच. ऑनलाइन खरेदीत ही सोय नसते. तेथे विक्रेता कोण आहे हे संकेतस्थळाच्या नावापेक्षा महत्त्वाचे ठरते.

आता खोक्याविषयी. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे आवश्यक आहे. आयात मालावर मूळ देशाचा उल्लेखही हवा. बनावट मालात यांपैकी काही तरी हमखास गळते : पत्ता अर्धवट असतो, छपाई पुसट असते, शुद्धलेखन चुकते किंवा खोक्यावरचा आणि आतल्या भागावरचा क्रमांक जुळत नाही. अनेक कंपन्यांनी होलोग्राम आणि मोबाइलवर पडताळता येणारे क्यूआर कोडही आणले आहेत. ते दुकानातच तपासावेत, घरी आल्यावर नव्हे. नुसता होलोग्राम पाहून मात्र समाधान मानू नये. जो खोका छापू शकतो, तो चकचकीत कागदही चिकटवू शकतो. सर्वांत बोलका पुरावा किमतीचा. छापील किमतीवर दुकानदार काही सवलत देऊ शकतो. पण ती निम्म्याहून अधिक असेल तर कारण विचारलेच पाहिजे. आणखी एक बाब : २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर वस्तू व सेवा कराचा दर सरसकट १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या साठ्यातला माल विकत घेताना बिलावर कर कोणत्या दराने लावला आहे, हे पाहण्यास विसरू नये.

काटकसर कोठे चालेल?

सगळेच भाग कंपनीच्या खोक्यातून घ्यावेत असा सल्ला देणे सोपे आहे, पण तो व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. दाराचे हँडल, वायपर, आरशाचे आवरण, पायपोस, मडगार्डचे प्लास्टिक अस्तर येथे चांगल्या नावाचा पर्यायी भाग खुशाल घ्यावा. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरही मूळ पुरवठादाराचे घेतल्यास बिघडत नाही. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, सीट बेल्ट, एअरबॅग आणि टायर यांबाबत मात्र तडजोड नको.

ब्रेक पॅडचे उदाहरण पाहू. पॅडवरील घर्षण-थर नवा असताना साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो आणि तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा लागतो. दिसायला बनावट पॅडही तसाच. शहरात सिग्नलपर्यंत थांबतानाही फरक जाणवत नाही. मात्र घाटात सलग ब्रेक दाबला जाऊन पॅड तापले, की हलक्या मिश्रणाच्या पॅडची पकड झपाट्याने कमी होते. पायाखालचे पेडल घट्टच असते, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून पॅड केवळ जाणत्या नावाचेच घ्यावेत आणि एकाच आसावरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत.

पॅडइतकेच दुर्लक्षित असते ते ब्रेक ऑइल. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रकारच्या द्रवाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तापलेल्या ब्रेकमध्ये हा ओलसर द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल थेट खाली जाते. कोकण किनारपट्टीच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे हा खर्च नव्हे, बचत आहे. गॅरेजमध्ये नुसते ‘टॉप-अप’ करून देतात. त्याचा येथे उपयोग नाही.

टायमिंग बेल्टचे गणित वेगळे आहे. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि काही हजारांचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. आपल्या गाडीत बेल्ट आहे की साखळी, आणि बेल्ट असल्यास किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. कमी चालणारी गाडी असेल तर वर्षांची मर्यादा आधी येते. क्लच बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. भागाच्या किमतीपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी जड असते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीतला ‘नवा’ टायर कधी कधी चार वर्षे गोदामात पडलेला असतो.

जुन्या बाजारातला वापरलेला माल हा आणखी एक पर्याय. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, दिवे, काचा मिळतात. बाहेरच्या पत्र्याच्या कामासाठी ते वाईट नाहीत, कधी रंगही जुळून जातो. तेथून इंजिन घ्यायचे असेल तर मात्र विक्रेत्याकडून मूळ गाडीची कागदपत्रे मागावीत आणि बदललेल्या इंजिन क्रमांकाची नोंद आरटीओत करून घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

कंपनीच निघून गेली तर?

सर्वाधिक अडचण होते ती ज्यांच्या गाडीची कंपनी बाजारातून गेली त्यांची. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस देशात शेवरोले गाड्यांची विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही बंद झाले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा मालकांनी प्रथम आपल्या गाडीचे नातेवाईक शोधावेत. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन लिनिया आणि पुंटोत होते, तसेच मारुतीच्या स्विफ्ट डिझेलमध्ये आणि टाटाच्या व्हिस्टातही होते. प्रत्येक भाग अदलाबदल होईलच असे नाही, परंतु पुरवठादाराच्या यादीत क्रमांक ताडून पाहिल्यास इंजिनाच्या काही भागांची वाट सापडते. काच, बंपर, दिवे यांना मात्र असा आधार नसतो. ते मिळत असताना घेऊन ठेवणे शहाणपणाचे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कारखाना बंद पडल्यानंतरही दोन दशके धावली, ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी नियमाने रस्त्यावरून गेली. त्यामागे जुन्या बाजारातले दुकानदार आणि गॅरेजवाल्यांचे कसब होते.

कंपनी बाजारात असूनही भाग खुल्या बाजारात न मिळणे ही तक्रार जुनीच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना याच कारणावरून एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे मिळू न देणे हा त्यांच्यावरील ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. या आदेशाला कंपन्यांनी आव्हान दिले. त्यामुळे हमी चालू असताना केवळ त्याच्या भरवशावर बाहेर काम करून घेण्याचे धाडस न केलेले बरे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

विम्यातून दुरुस्ती होणार असेल तर भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो, हे अनेकांना बिल पाहून कळते. सर्वसाधारण पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के घसारा लागतो. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, त्यापुढे ५० टक्के. काचेवर शून्य. बंपर फुटला तर निम्मा खर्च मालकाचा, तो यामुळेच.

गॅरेजमध्ये गाडी देताना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. बदललेला प्रत्येक जुना भाग खोक्यासह परत हवा आणि भाग क्रमांकासह पक्के बिल हवे. जुना भाग परत मागितला, की न बदलता बदलल्याचे दाखवण्याचा मोह आवरतो. पक्के बिल नसेल तर ग्राहक आयोगापुढे भांडण्यासारखे फारसे काही उरत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. बनावट माल विकणाऱ्याला व्यापारचिन्ह कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी तो खोका, तो भाग आणि ते बिल ग्राहकाच्या घरी असावे लागते.