यंत्रांच्या बुद्धिबळाचें मोजमाप

ज्या 1997 सालीं मुंबईचे श्री. प्रवीण ठिपसे यांस ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली, त्याच सालीं न्यूयॉर्क येथें 'डीप ब्ल्यू' या यंत्रानें जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांस साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं जिंकलें. मनुष्य मोठा कीं यंत्र मोठें, हा वाद आतां संपल्यासारखाच आहे. परंतु यंत्रांयंत्रांत मोठें कोणतें, हा प्रश्न अंधेरी-मुलुंडकडील घरांतून मुलें नेहमीं विचारीत असतात. त्याचें उत्तर कसें शोधावें, हें वडीलधाऱ्यांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे. कारण मुलाच्या बुद्धीचें माप घेतांनाहि हल्लीं याच आंकड्यांचा आधार घेतला जातो.

ही मापनपद्धति प्रो. आर्पाड एलो यांची. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें ती 1970 सालीं स्वीकारली. दोन खेळाडूंच्या आंकड्यांत 100 चें अंतर असल्यास वरचढ खेळाडूनें शंभर डावांत सुमारें 64 गुण मिळवावे, 200 चें असल्यास सुमारें 76, अशी अपेक्षा असते. अर्थात् हा आंकडा शेर-मापासारखा स्वयंसिद्ध नव्हे. ज्यांच्याशीं खेळ झाला त्यांच्याच मानानें तो खरा. यंत्रांच्या यादींतील 3600 आणि मॅग्नस कार्लसन यांनीं 2014 सालीं गांठलेला 2882 हे आंकडे एका तागडींत घालतां येत नाहींत, तें याचमुळें. हें पहिलें पथ्य.

दुसरें पथ्य डावांच्या संख्येचें. दहा वेळां नाणें उडविलें, तर सहा किंवा अधिक वेळां छाप पडण्याचा संभव शेंकडा 38 असतो. मग दहा डावांतील सहा-चारच्या विजयावरून काय सिद्ध होणार? तिसरें पथ्य समान परिस्थितीचें: वेळ सारखा असावा, यंत्रबळ सारखें असावें, आणि आरंभींची तीच मांडणी दोघांनींहि एकदां पांढऱ्या व एकदां काळ्या मोहऱ्यांनीं खेळावी.

2017 सालीं 'अल्फाझीरो'नें 'स्टॉकफिश'विरुद्ध शंभरपैकीं 28 डाव जिंकले, 72 बरोबरींत सोडविले व एकहि गमावला नाहीं. तरी जाणकारांनीं हरकत घेतलीच: दोहोंचें यंत्रबळ निराळें, आणि दर खेळीस एकच मिनिट बांधून दिलेलें. पुढें 2018 सालीं हजार डावांचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यांत अल्फाझीरोचे 155 विजय व 6 पराभव होते. श्रेष्ठत्व कायम राहिलें. अजिंक्यपणाची कथा मात्र उरली नाहीं.

मुलांच्या बाबतींत तर अधिकच सावध असावें. मोबाइलवरील यंत्रास 'पंधराशें'ची पाटी लावलेली असते, ती कर्त्याची अटकळ होय. तिच्याशीं हरला म्हणून मुलास मंद ठरविणें हा त्याच्यावर अन्याय आहे. 1974 सालीं पहिलें राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविणाऱ्या मुंबईच्या वासंती खाडिलकर आणि त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांची पारख पटासमोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांनींच केली. चूक कोठें झाली, हें यंत्रास खुशाल विचारावें. मुलाची पारख मात्र स्पर्धेच्या पटावर, आणि तीहि पुष्कळ डावांनंतर करावी.