रिकामा न परतणारा डबा

चाकण-तळेगाव रस्त्यावर एखादा टेम्पो तुमच्या पुढे चालला असेल, तर त्याच्या हौद्याकडे जरा बघा. प्लास्टिकच्या क्रेटची उतरंड दिसेल. भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधून नट, बुश, रबरी सील भरून हे क्रेट मोठ्या कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर जातात आणि रिकामे होऊन परत येतात. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीत तर एखादं कार्ड किंवा रिकामा खोका हाच निरोप असतो: माल संपला, पुढचा पाठवा. भरलेला जायचा, रिकामा यायचा. पुण्याजवळचा हा सगळा कारखान्यांचा पट्टा या तालावर चालतो.

दिवाळीत मात्र याच पट्ट्यात दुसरेच डबे फिरायला लागतात. चिखलीच्या, थेरगावच्या, रुपीनगरच्या जिन्यांवरून स्टीलचे डबे वर-खाली होतात. ते भरलेले जातात आणि भरलेलेच परत येतात! कोणी शेड्यूल लावलेलं नाही, चलन फाडलेलं नाही. मग ही यंत्रणा चालते कशी?

आधी मालच बघू. फराळ हा वाटण्यासाठीच घडवलेला पदार्थ आहे असं मला वाटतं. चकली कढईत सोडली की बुडबुडे उसळतात. ते तेल उकळल्याचे नव्हेत. चकलीच्या पिठातलं पाणी वाफ होऊन पळत असतं. बुडबुडे शांत झाले की चकली झाली, हे स्वयंपाकघरात प्रत्येकीला ठाऊक असतं. म्हणजे तिने डोळ्यांनी आर्द्रता मोजलेली असते! अन्नातलं किती पाणी जंतूंच्या उपयोगाचं आहे, हे शास्त्रज्ञ शून्य ते एक अशा मापाने सांगतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. हा आकडा साधारण 0.6 च्या खाली गेला की बुरशी नाही, जिवाणू नाही, काही वाढत नाही. चकली, शेव, चिवडा त्या रेषेच्या कितीतरी खाली. लाडवात थोडं पाणी उरतं, पण पाकातली साखर ते असं धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला फारसं येतच नाही. करंजीत सुकं खोबरं का, ओलं का नाही? उत्तर तेच. फ्रिज कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हापासून हे चाललंय.

आणि वेळ बघा. पाऊस सरलेला, हवा कोरडी होत चाललेली, म्हणजे चकली सादळायची भीती कमी. एसटीत, पिशवीतून बीड, लातूर, बुलढाण्याहून चिंचवडपर्यंत दिवसभर धक्के खाल्ले तरी फराळाचा फार तर चुरा होतो, तो नासत नाही.

आता थोडं गणित. एका इमारतीत 16 बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाने प्रत्येकाकडे एक ताट पाठवलं. 16 गुणिले 15, म्हणजे 240 ताटं फिरली. हिशोब मांडला तर प्रत्येक घरातून 15 ताटं गेली, 15 आली. वजन जवळपास तेवढंच, शेवही तीच, जरा तिखट नाहीतर जरा मऊ. कारखान्यातला कोणताही मॅनेजर म्हणेल, ही नुसती वाहतूक आहे, बंद करा. मग इतकी वर्षं कुणालाच हे कसं सुचलं नाही?

कारण इथे हिशोब मिटवायचाच नसतो. शेजारणीने दिलेला डबा घासून त्याच मिनिटाला कोणी परत करत नाही. तसं केलं तर ते उधारी फेडल्यासारखं दिसतं. दोन दिवस जाऊ द्यायचे, मग त्यात काहीतरी घालून द्यायचं. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर. गंमत अशी की नायजेरियातल्या टिव्ह लोकांमध्ये राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन यांना असाच नियम भेटला. शेजारणीने अंडी दिली तर परतफेड करायची, पण तंतोतंत तेवढ्याच किमतीची नाही; थोडी जास्त किंवा थोडी कमी. बरोब्बर फेडलं तर अर्थ असा, की तुमचा-आमचा संबंध संपला. कुठे टिव्ह, कुठे थेरगाव! थोडंसं देणं बाकी ठेवायचं, म्हणजे पुन्हा दार वाजवायला कारण उरतं.

देणाऱ्याला यात काय मिळतं? 2008 मध्ये एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक साधासुधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडात सकाळी लोकांना 5 किंवा 20 डॉलरचं पाकीट दिलं. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत स्वतःवर खर्च करा, काहींना, दुसऱ्यावर. संध्याकाळी विचारलं तर दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुशीत होते, आणि पाच की वीस, याने फरक पडला नाही. इतरांना अंदाज विचारला तेव्हा बहुतेक जण उलटंच बोलले: वीस डॉलर, तेही स्वतःवर!

याहून मला चकित करतो तो 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा अभ्यास. शिकागोतल्या बर्फाच्या मैदानावर, ऐन थंडीत, लोकांनी अनोळखी माणसाला गरम चॉकलेटचा पेला द्यायचा. देणाऱ्याला वाटलं, एवढ्याशा पेल्याचं काय मोठं. घेणारा मात्र त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावला होता. देणाऱ्याची नजर वस्तूवर असते. घेणाऱ्याला वस्तूसोबत आपुलकीही पोचलेली असते. म्हणून आपण 'असं काय द्यायचं, चारच करंज्या आहेत' म्हणत जिन्यात अडखळतो.

आणि चार करंज्यांची खरी गरज कुठे असते? दिवाळीत लाइन बंद होते, तेव्हाच मेन्टेनन्सवाल्यांचं काम सुरू होतं. गेटवर सिक्युरिटीवाला एकटा बसलेला असतो, गाव बहुधा शेकडो किलोमीटर लांब. शेजारच्या खोलीत बिहारहून आलेली चार पोरं असतात, रेल्वेचं तिकीट न मिळालेली. त्यांच्याकडे डबा गेला तर तो ठेकुआ घेऊन परत येण्याची बरीच शक्यता. कणीक, गूळ, तूप, घट्ट मळून तळलेलं. चाखून बघा, आपल्या शंकरपाळीची चुलत बहीणच! मोहन तेच, पाणी हटवण्याची युक्ती तीच, आणि दोघींच्या गावांमध्ये हजाराहून जास्त किलोमीटर अंतर.

ठेकुआ हा त्यांच्या छठ सणाचा प्रसाद. छठ येते कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे भाऊबीजेनंतर चार दिवसांनी. मोशीला इंद्रायणीच्या घाटावर त्या दिवशी मोठी गर्दी असते. तेव्हा भाऊबीज उरकली म्हणून डबे माळ्यावर टाकू नका. चकली तोवर नक्की टिकते.