पिशवीवरचं नाव

कर्नाटकातल्या जंगलातल्या कुळगी गावापासून दांडेलीचा बाजार जवळ, आणि दांडेलीची ओळख म्हणजे वेस्ट कोस्ट पेपर मिल, 1955 सालची. एवढी मोठी कागद गिरणी शेजारी असूनही किराण्याची पुडी मात्र रद्दीचीच असायची. शेव-फुटाण्याला वर्तमानपत्र, मटण-मासळीला सागाचं पान. दुकानाचं नाव कशावरच नसायचं. ते लोकांच्या तोंडी असायचं आणि छोट्या गावात तेवढं पुरायचं.

नाव छापून घेतलं ते मिठाईवाल्यांनी आणि कापडवाल्यांनी. धारवाडी पेढ्याचा, बेळगावच्या कुंद्याचा खोका पाहुण्यांबरोबर परगावी जाई आणि झाकणावरचा पत्ता नवं गिऱ्हाईक घेऊन येई. लग्नाचा बस्ता बांधला की मिळणारी कापडी पिशवी पुढे कित्येक वर्षं दळणाला, बाजाराला, एसटीच्या प्रवासाला चालायची. वर्तमानपत्रात जाहिरात देणं ज्याला परवडत नाही अशा दुकानदाराची ही खरी जाहिरात. गिऱ्हाईक ती आपणहून खांद्याला लावून हिंडे, कारण पिशवी टिकाऊ होती.

नव्वदच्या दशकात प्लास्टिकची पातळ पिशवी आली आणि हे गणितच उलटलं. नाव छापणं स्वस्त झालं, पण पिशवी घरी पोचेपर्यंतच धड राहायची. मग ते नाव गटारात, कुंपणाच्या काटेरी तारेवर, गुरांच्या पोटात. 1999 मध्ये केंद्राने पिशवीच्या जाडीला किमान 20 मायक्रॉनची मर्यादा घातली. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात अशा पिशव्यांनी गटारं तुंबली, त्यानंतर महाराष्ट्राने ती 50 वर नेली. कर्नाटकाने मार्च 2016 मध्ये आणि महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये सरळ बंदीच आणली.

बंदीनंतर दुकानांची नावं रंगीत ‘नॉन-वोव्हन’ पिशव्यांवर गेली. दिसायला कापड, पण बहुतेक पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. लोकांनी त्या चांगल्या मनाने कापडी समजून घेतल्या, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय पिशवीचे पैसे लागू लागले. 2019 मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने बाटा कंपनीला याच कारणावरून 9 हजार रुपये भरायला लावले: कंपनीची जाहिरात असलेल्या कागदी पिशवीचे गिऱ्हाइकाकडून 3 रुपये घेतले होते. आपली जाहिरात वाहणाऱ्याकडूनच भाडं घ्यायचं नाही, हा न्याय मला पूर्ण पटतो.

चहाच्या टपरीची गोष्ट वेगळी. कपावर स्वतःचं नाव छापून घ्यायचं तर हजारोंनी कप घ्यावे लागतात, म्हणून टपरीवाला फुलाफुलांचे तयार कप आणतो. त्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. गरम द्रव त्यात पंधरा मिनिटं राहिला तर 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 25 हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात, असं खरगपूरच्या आयआयटीच्या संशोधकांना 2020 मध्ये आढळलं.

कुळगीला वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे, भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. अशा ठिकाणी टपरीवर लटकणाऱ्या वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पाकिटांवर नावं असतात ती दूरच्या कंपन्यांची. वापरलेलं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी केंद्राच्या 2016 च्या नियमांनी या कंपन्यांवरच टाकली आहे. ती त्यांनी जंगलातल्या शेवटच्या टपरीपर्यंत येऊन पार पाडावी. टपरीवाला ते पाकीट निवडत नाही, त्यावर नाव छापत नाही आणि त्या छपाईचा एक पैसाही त्याला मिळत नाही.