भागीदारीचा राजीनामा कसा लिहावा?

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. उर्दूत काम सोडण्याच्या कागदाला 'इस्तीफा' म्हणतात, तर 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांच्या राजीखुशीचा समझोता. मराठीत मात्र सोडून जाण्यालाच राजीनामा म्हणतात. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आमचे मत असे की, भागीदारीतून निघणाऱ्याला हे दोन्ही कागद लागतात.

आपल्याकडे भाऊ-भाऊ, मामा-भाचे मिळून पेढी चालवतात. बिनसले की एक जण "आजपासून माझा संबंध नाही" म्हणून उठून जातो. आमच्या परिचयातील एका भागीदाराने असेच केले. दोन वर्षांनी सुताच्या व्यापाऱ्याने त्याच्यावर उधारीचा दावा लावला. माल तो गेल्यानंतर उचललेला होता; पण तो गेल्याची खबर व्यापाऱ्याला कोणीच दिली नव्हती. पैसे त्यालाच भरावे लागले.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चे कलम ३२ सांगते की, भागीदाराला सर्वांच्या संमतीने किंवा करारातील अटीप्रमाणे निवृत्त होता येते. मुदत न ठरवलेली, मर्जीवर चालणारी भागीदारी असेल तर सर्व भागीदारांना लेखी नोटीस पुरते. मजकूर थोडका असावा :

"मी आपल्या पेढीतून अमुक तारखेपासून निवृत्त होत आहे. त्या तारखेपर्यंतचा हिशेब करून माझे भांडवल व नफ्याचा हिस्सा द्यावा."

पत्रात गाऱ्हाणी लिहू नयेत. 'भागीदारी मोडत आहे' असेही लिहू नये. मर्जीवरच्या भागीदारीत अशा नोटिशीने कलम ४३ प्रमाणे पेढीच विसर्जित होते. भागीदार दोनच असतील तर एक जाताच पेढी उरत नाही, म्हणून तेथे विसर्जनाचा करार करावा. पत्र प्रत्येक भागीदाराला द्यावे, आपल्या प्रतीवर सही घ्यावी किंवा स्पीड पोस्टाची पावती जपावी.

यानंतर जाहीर नोटीस द्यावी. कलम ७२ प्रमाणे ती शासकीय राजपत्रात आणि पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेच्या वृत्तपत्रात छापावी लागते. पेढी नोंदलेली असल्यास निबंधकालाही कळवावे लागते. ही नोटीस निघेपर्यंत पेढीचे नवे देणेही गेलेल्या भागीदाराच्या अंगावर येऊ शकते. जीएसटी खात्याला एका महिन्याच्या आत लेखी कळवावे, नाहीतर कळवण्याच्या दिवसापर्यंतच्या कराची जबाबदारी राहते. बँकेला दिलेली जामीनकीही राजीनाम्याने आपोआप संपत नाही. बँकेकडून ती लेखी सोडवून घ्यावी.

जुन्या उधारीतून पत्राने सुटका होत नाही. त्यासाठी ज्याचे देणे आहे तो व्यापारी आणि उरलेले भागीदार यांच्याशी करार हवा. हाच तो उर्दूतला राजीनामा.

हिशेब न करताच पेढीने आपली रक्कम वापरत ठेवली आणि करारात वेगळे काही नसेल, तर कलम ३७ प्रमाणे त्या रकमेवरचा नफा किंवा सालाना ६ टक्के व्याज मागता येते. निवड निघणाऱ्याची असते. व्याज न घेणाऱ्या बांधवांनी नफा मागावा.

नात्यात कागद कशाला, असे वडीलधारे म्हणतात. आम्ही मात्र कागद नसल्यामुळेच नाती तुटताना पाहिली आहेत.