लेमरची न सापडलेली संख्या

रामानुजन यांच्यामुळे १७२९ ही संख्या आपल्याकडे पुष्कळांच्या ओळखीची झाली. मला मात्र ती वेगळ्याच कारणाने जवळची वाटते. एका परीक्षेत ती चांगलीच आशा दाखवते आणि नापास होते.

परीक्षा अशी. कोणतीही संख्या घ्या. एकपासून तिच्यापर्यंतच्या ज्या संख्यांशी तिचा एक सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही, त्या मोजा. या मोजणीला ऑयलरचे फल म्हणतात. सातासाठी ते सहा, पंधरासाठी आठ. मूळ संख्येचे फल तिच्याहून बरोबर एकने कमी असते. म्हणून तिच्यातून एक वजा करून फलाने भागले की बाकी उरत नाही. हे एखाद्या संयुक्त संख्येला जमेल काय, असा प्रश्न अमेरिकन गणिती डेरिक हेन्री लेमर यांनी १९३२ साली विचारला. तो आजही अनुत्तरित आहे.

१७२९ म्हणजे ७ × १३ × १९. प्रत्येक अवयवातून एक काढून गुणले, ६ × १२ × १८, की फल येते १२९६. आता १७२८ ला १२९६ ने भागा: एक पूर्णांक एक तृतीयांश. हुकलेच!

अशी संख्या विषम हवी, कारण दोनाच्या पुढे फल नेहमी सम असते. तिच्यात कोणताही मूळ अवयव दोनदा येता कामा नये. आला, तर तो फलालाही भागेल, आणि मग संख्या व तिच्या आधीची संख्या या दोहोंना त्याने भाग जाईल, जे अशक्य. अवयव दोनच असतील तर नकार घरबसल्या सिद्ध होतो. त्यांतून एकेक वजा करून उरलेल्यांना क आणि ख म्हणू. फल कख; आणि एकने कमी केलेली संख्या कख + क + ख. म्हणजे क + ख ला कख ने भाग जायला हवा. पण क किमान २, ख किमान ४. बेरीज गुणाकाराहून लहानच पडते.

पुढे ही सोय संपते. किमान सात अवयव लागतील, हे लेमर यांनीच दाखवले. १९८० मध्ये कोहेन आणि हॅगिस यांनी ते चौदावर नेले, आणि संख्या एकावर वीस शून्यांहून मोठी असेल हेही. तीन हा अवयव असेल तर अडचण फारच वाढते: तिनाने भागता एक उरणाऱ्या ७, १३, १९ यांसारख्या सगळ्या मूळ संख्या बाद, नाहीतर तीन फलातही शिरतो. तिथे २०११ पर्यंत किमान अवयवांचा आकडा चार कोटींवर पोचला.

व्यवहारात याचा उपयोग नाही, हे मान्य करतो. फल काढायला आधी अवयव पाडावेच लागतात. तरी चार कोटी अवयवांची अट म्हणजे ‘नाही’ नव्हे.