माळरानावर सगळ्यांना जागा

पक्षी पाहायला फार पैसा लागत नाही. लागते ती पहाटे साडेपाचला एखाद्या निर्जन तलावाच्या काठी बिनघोर उभे राहण्याची मोकळीक, आणि ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. एकट्या बाईला मिळत नाही. ज्या मुलाच्या चालण्याबोलण्यावरून वर्गात आणि एसटी स्टँडवर शेरे पडतात, त्यालाही मिळत नाही. साडी नेसलेली पारलिंगी स्त्री गळ्यात दुर्बीण अडकवून धुऱ्यावर उभी राहिली, तर येणारेजाणारे पक्ष्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत राहतात. एलजीबीटीक्यू समुदायाच्या पक्षीफेऱ्या निघाल्या त्या या अडचणीतून.

ब्रिटनमध्ये समलिंगी पक्षीनिरीक्षकांचा ‘गे बर्डर्स क्लब’ 1990 च्या दशकातच उभा राहिला. अमेरिकेतली हकिकत मात्र वाशीम जिल्ह्यातल्या वाचकाला अधिक जवळची वाटावी, कारण तिची एक मोठी शाखा माळरानात फुटली. नेब्रास्का हे मका आणि सोयाबीनचे राज्य. तिथल्या लिंकन शहराजवळ स्प्रिंग क्रीक प्रेअरी नावाचे उंच गवताचे राखीव रान आहे आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी ही जुनी पक्षीसंस्था तिथे निसर्गशिक्षणाचे केंद्र चालवते. या केंद्रात काम करणाऱ्या जेसन सेंट सॉव्हर यांनी गेल्या दशकात ‘लेट्स गो बर्डिंग टुगेदर’ नावाच्या फेऱ्या सुरू केल्या. निमंत्रण साधे होते: समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, क्विअर अशा सगळ्यांनी यावे, त्यांच्या घरच्यांनी, मित्रांनीही यावे. पुढे ऑड्युबॉनच्या इतर राज्यांतल्या केंद्रांनी आणि शाखांनी या फेऱ्या उचलल्या. जून हा तिकडे एलजीबीटीक्यू समुदायाचा प्राइड महिना. त्या महिन्यात या फेऱ्या विशेष निघतात.

अशी फेरी वरवर पाहता इतर कुठल्याही पक्षीफेरीसारखीच असते. वेगळेपण असते ते तयारीत. सुरुवातीला सगळे गोल उभे राहतात. प्रत्येक जण आपले नाव सांगतो आणि आपल्याला कसे संबोधावे तेही सांगतो. वाट सोपी निवडतात, वेग मंद ठेवतात. ज्याच्याकडे दुर्बीण नाही त्याला ती तिथेच मिळते. किती जाती पाहिल्या याची चढाओढ नसते. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला टिटवी नीट दिसली, तरी सकाळ सार्थकी लागते. फोटोची बाब सर्वांत नाजूक. घरी अजून काही सांगितलेले नाही, असा माणूस घोळक्यात असू शकतो. त्याचा चेहरा संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरला, तर फेरीने त्याचे भले करण्याऐवजी त्याला संकटात टाकले असे होईल. म्हणून विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही.

न्यूयॉर्कमध्ये मॉली ॲडम्स यांनी 2016 साली ‘फेमिनिस्ट बर्ड क्लब’ काढला. सुरुवात बाईच्या सुरक्षिततेच्या प्रश्नापासून झाली: एकटीने आडबाजूला पक्षी पाहायचे तर भीती वाटते, मग मिळून का जाऊ नये? क्लबचे दार पहिल्यापासून क्विअर आणि पारलिंगी लोकांनाही उघडे राहिले. दरवर्षी एका पक्ष्याचे भरतकाम केलेला बिल्ला विकायचा आणि आलेला पैसा सामाजिक कामाला द्यायचा, ही त्यांची रीत. आज या क्लबच्या शाखा अनेक शहरांत आहेत.

न्यूयॉर्कच्याच सेंट्रल पार्कमध्ये 25 मे 2020 रोजी ख्रिश्चन कूपर पक्षी पाहत होते. कूपर कृष्णवर्णीय आहेत, समलिंगी आहेत आणि कित्येक वर्षांचे जाणते पक्षीनिरीक्षक आहेत. त्यांनी एका बाईंना कुत्रा साखळीला बांधायला सांगितले. उद्यानाच्या त्या भागाचा नियमच तसा होता. बाईंनी पोलिसांना फोन लावला आणि एक कृष्णवर्णीय माणूस आपल्याला धमकावतो आहे, असे सांगितले. कूपर यांनी केलेले चित्रण जगभर पाहिले गेले. काही दिवसांतच कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकांचा ‘ब्लॅक बर्डर्स वीक’ सुरू झाला. दुर्बीण घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे संशयाने पाहायचे की नाही हे तो कोण आहे यावर ठरते, ही गोष्ट त्या सकाळनंतर कुणाला नाकारता आली नाही.

एलजीबीटीक्यू समुदायाच्या फेऱ्यांत पक्ष्यांच्या संसाराची चर्चाही रंगते. विदर्भातल्या तलावांवर दिसणारा कमळपक्षी घ्या. मादी आकाराने मोठी. ती एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते, अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे नराकडे. रंगीत पाणलाव्यातही मादी अधिक उठावदार आणि घरटे नराच्या हवाली. नर म्हणजे देखणा, मादी म्हणजे फिकट आणि घर सांभाळणारी, हा पाठ इथे टिकत नाही. तरीही माणसाच्या जगण्याला पक्ष्यांचे प्रमाणपत्र लागू नये. कमळपक्षी वेगळा वागला नसता, तरी माणसाचा आपल्या पद्धतीने जगण्याचा हक्क तेवढाच पक्का होता.

आपल्याकडे हा हक्क कायद्याने मान्य होण्यास बराच काळ गेला. एलजीबीटीक्यू समुदायाचे ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक 1990 मध्ये निघाले, या समुदायासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट 1994 मध्ये आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट 2002 मध्ये उभा राहिला. नागपुरात सारथी ट्रस्ट याच समुदायासाठी काम करतो. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 च्या कक्षेतून बाहेर काढले. दुसरीकडे महाराष्ट्रातली पक्षिमित्र चळवळ चार दशकांहून जुनी आहे. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या रानांत आयुष्य घालवून पक्ष्यांची मराठी नावे ग्रंथात आणली. या दोन्ही वाटा आपल्याच मातीतल्या आहेत. त्या एकत्र यायला हव्यात.

शेलूबाजारसारखे गाव त्यासाठी अजिबात आडबाजूचे नाही. मंगरुळपीर तालुक्यातली ही बाजारपेठ. समृद्धी महामार्ग आता तिच्याजवळून जातो आणि त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे सुमारे 18 चौरस किलोमीटरचे काळवीट अभयारण्य आहे, अकोल्याच्या हद्दीला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे. हिवाळ्यात गवताळ माळांवर भोवत्या घिरट्या घालतात, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या वावरात चंडोल आणि माळटिटव्या दिसतात. पक्ष्यांची उणीव नाही. पण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि म्हणूनच इथल्या क्विअर मुलामुलींना असा घोळका मिळणे महानगरापेक्षा अधिक गरजेचे आहे. फेरीला जाणे हे घरी सांगता येण्याजोगे कारण आहे, हेही काही थोडे नाही.

राज्यात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो; चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. त्या आठवड्यात वाशीम-अकोल्यात ज्या फेऱ्या निघतील, त्यांच्या संयोजकांना एकच विनंती. ‘सर्वांचे स्वागत’ एवढ्यावर थांबू नका, कारण ज्याला आजवर वगळले गेले, तो त्या ‘सर्वां’त स्वतःला धरत नाही. सूचनेत समलिंगी आणि पारलिंगी हे शब्द लिहा, फोटोचा नियम लिहा, जवळ स्वच्छतागृह कुठे आहे तेही लिहा. आणि दोन दुर्बिणी जास्तीच्या ठेवा.